स्टिअरिंग जड झाले. दोष नेमका कुठे?

बोदवडसारख्या तालुक्याच्या गावी मोटारीचे स्टिअरिंग एकाएकी जड झाले, की मालकापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर गावातील मिस्त्रीला गाडी दाखवायची, नाही तर तशीच रेटत भुसावळ किंवा जळगावला न्यायची. दोन्ही ठिकाणी एक वाक्य हमखास कानी पडते, 'रॅक गेला, बदलावा लागेल.' नवा रॅक म्हणजे बहुतेक गाड्यांच्या बाबतीत पाच आकडी खर्च. रॅक कधीकधी खरोखरच निकामी झालेला असतो. परंतु पुष्कळदा दोष काही शे रुपयांच्या पट्ट्यात, सैल क्लिपमध्ये, गंजलेल्या बॅटरी टर्मिनलमध्ये किंवा चाकातील कमी हवेत असतो. म्हणून 'काय बदलायचे' हे ठरविण्यापूर्वी 'स्टिअरिंग जड केव्हा होते आणि कसे होते' याचे उत्तर मिळविणे अगत्याचे ठरते.

मारुती ८०० किंवा जुनी अ‍ॅम्बेसिडर चालविलेल्यांना जड स्टिअरिंगचे अप्रूप नाही. उभ्या गाडीची चाके वळविताना खांद्यातून जोर काढावा लागे. हा जोर इंजिनाकडून उसना घेण्याची कल्पना मात्र जुनी आहे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी अभियंत्याने १९२६च्या सुमारास तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग प्रत्यक्ष गाडीत बसवून दाखविले. विक्रीच्या मोटारीत ते १९५१ साली क्रायस्लर इम्पीरियलच्या रूपाने आले. विजेच्या मोटारीवर चालणारा प्रकार १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत अवतरला. आज रस्त्यावर हे दोन्ही प्रकार दिसतात आणि त्यांचे आजार अगदी वेगळे असल्याने आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे सर्वप्रथम पाहावे. बॉनेट उघडल्यावर स्टिअरिंगचे चित्र असलेल्या झाकणाची तेलाची लहान टाकी दिसली, तर गाडी तेलावरची. टाकी नसेल, तर बहुधा विजेवरची.

प्रकार कोणताही असो, तपासणीचा आरंभ चाकांपासून करावा. पुढच्या चाकांत हवा कमी असली, तर उत्तम पॉवर स्टिअरिंगही जड लागते. योग्य दाब चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेला असतो. त्यानंतर इंजिन बंद ठेवून, पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलून, खाली भक्कम आधार देऊन स्टिअरिंग फिरवून पाहावे. चाके अधांतरी असूनही ते अडखळत असेल, तर दोष तेलाचा वा विजेचा नसून यांत्रिक आहे. स्टिअरिंगच्या दांड्यातील गंजलेला क्रॉस, आवळलेला बॉल जॉइंट, सस्पेन्शनच्या माथ्यावरील खराब बेअरिंग असे त्याचे मूळ असते. या एका चाचणीने निम्मा गोंधळ मिटतो. पण ती करण्याचे कष्ट फार थोडे मिस्त्री घेतात.

आता तेलावरची गाडी. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो, ते तेल जाड नळीतून रॅकमध्ये जाते आणि चालक ज्या बाजूस वळवील, त्या बाजूस रॅकला ढकलते. यातील प्रत्येक भाग बिघडताना वेगळा आवाज करतो. सकाळी गाडी सुरू करताच, किंवा स्टिअरिंग टोकापर्यंत नेल्यावर किंचाळल्यासारखा आवाज आला, तर पट्टा ढिला वा गुळगुळीत झाला आहे. वळविताना घरघर, कण्हल्यासारखा आवाज येत राहिला, तर तेल कमी आहे किंवा तेलात हवा शिरली आहे. टाकीतील तेल फेसाळलेले दिसले, तर हवेविषयी शंकाच नको. येथे एक गंमत आहे. टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीची क्लिप सैल असेल, तर तेथून तेल गळेलच असे नाही. पंप तेथून हवा मात्र ओढतो. जमिनीवर डाग नाही म्हणून दोष नाही असे समजणारे येथे फसतात आणि चांगला पंप बदलून बसतात.

दोन्ही बाजूंस सारखेच जड लागत असेल, तर संशयाची सुई पंपाकडे आणि पट्ट्याकडे वळते. एकाच बाजूस जड लागत असेल, तर पंपाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तो दोन्ही बाजूंसाठी एकच असतो. तेव्हा रॅकचा व्हॉल्व्ह वा आतील सील पाहावे. सकाळी जड आणि इंजिन तापल्यावर हलके, हेही रॅकमधील झिजेचे लक्षण. उलट सकाळी हलके, पण गाडी तापल्यावर गर्दीत सावकाश चालताना जड, असे असेल, तर पंप थकलेला असण्याचा संभव अधिक. तापलेले तेल पातळ होते आणि झिजलेल्या पंपाला ते दाबून धरता येत नाही. मे महिन्यात ४५ अंशांचा पारा सोसणाऱ्या खानदेशात ही तक्रार उन्हाळ्यातच डोके वर काढते, यात नवल नाही.

पावसाळ्याचे दुखणे निराळे. बोदवडच्या परिसरातील काळ्या जमिनीचा चिखल कपाशीच्या शिवारातून आलेल्या गाडीच्या पोटाला थापला जातो आणि वाळला की दगडासारखा होतो. रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी बूट असतात. त्यांतील एखादा फाटला, की हा चिखल आणि पाणी आतील गुळगुळीत दांड्यावर जाते, दांड्यावर गंज व चरे पडतात आणि ते चरे सील खाऊन टाकतात. वेळीच बदललेला बूट रॅक वाचवितो. बूट फुगलेला असेल आणि दाबल्यावर आत तेल हेलकावल्यासारखे वाटले, तर मात्र सील गेलेलेच समजावे. गळती शोधण्यासाठी रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरावा. लालसर वा तपकिरी डाग स्टिअरिंगच्या तेलाचा असू शकतो. निव्वळ पाणी असेल, तर ते वातानुकूलन यंत्राचे.

तेल कमी आढळल्यास गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच भरावे. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतणाऱ्यांचे नुकसान मोठे होते. त्याने सर्व रबरी सील फुगून निकामी होतात. याउलट स्टिअरिंगचे तेल चुकून ब्रेकच्या टाकीत गेले, तर ब्रेकच निकामी होण्याचा, म्हणजे जिवाचाच धोका.

विजेवरच्या स्टिअरिंगमध्ये तेल, पट्टा, पंप यांपैकी काहीच नसते. चालक किती जोर लावतो, हे एक संवेदक मोजतो, संगणक हिशेब करतो आणि मोटार तेवढी मदत देते. उभ्या गाडीत चाके वळविताना ही मोटार क्षणभर पन्नास अँपिअरहूनही अधिक विद्युतप्रवाह ओढू शकते. साहजिकच बॅटरी दुबळी असली, की सर्वांत आधी स्टिअरिंग रुसते आणि डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या चित्राचा दिवा लागतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळायला हवेत. ते नसतील, तर अल्टरनेटर पाहावा. टर्मिनलवरील पांढरी-हिरवी बुरशी, बॉडीशी जोडलेली सैल अर्थिंगची तार आणि जाड फ्यूज यांनंतरच स्कॅनर लावून दोषांकाकडे वळावे. क्रम उलटा केला, की कमी व्होल्टेजमुळे नोंदला गेलेला दोषांक पाहून अख्खा स्टिअरिंग कॉलम बदलण्याचा सल्ला मिळतो. उन्हात उभ्या गाडीचे स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत वारंवार फिरविल्यावर जड झाले आणि थोड्या वेळाने पूर्ववत झाले, तर तो बिघाडच नव्हे. मोटार तापू नये म्हणून यंत्रणाच मदत कमी करते.

चालत्या गाडीत ही मदत अचानक गेली तर? राष्ट्रीय महामार्ग ५३ वर मुक्ताईनगर ते भुसावळ दरम्यान ट्रकच्या रांगेत असे घडल्यास भीती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मोटारींच्या बहुतेक रचनांमध्ये स्टिअरिंग आणि चाके यांचा लोखंडी सांधा कायम असतो. गाडी वळते, फक्त जोर अधिक लागतो. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरावे, वेग हळूहळू कमी करावा आणि गाडी कडेला घ्यावी. किल्ली मात्र फिरवू नये. इंजिन बंद पडले, तर ब्रेकची मदतही थोड्याच वेळात संपते आणि किल्ली पुरती काढल्यास स्टिअरिंगच कुलूपबंद होते. थांबल्यावर आधी पट्टा पाहावा. अनेक गाड्यांत तोच पट्टा अल्टरनेटर आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवितो. तो तुटला असेल, तर जड स्टिअरिंगसह गावापर्यंत जाण्याचा विचार सोडून टोइंगची गाडी बोलवावी, अन्यथा इंजिनही तापून बसेल.