फिट आली? आधी विचारा, डोक्याला कधी मार लागला होता का?

दुचाकीचा अपघात होतो किंवा बांधकामावर कुणी उंचावरून पडतो. डोक्याला टाके पडतात, काही दिवसांनी माणूस पुन्हा कामाला लागतो. वर्षभराने अचानक फिट येते. तोवर घरचे अपघात विसरलेले असतात. मग करणी, बाहेरची बाधा असे तर्क सुरू होतात. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला हे दिसत आले आहे.

माराने मेंदूत व्रण राहू शकतो. त्याभोवतीच्या पेशी पुढे कधीतरी एकाच वेळी अनियंत्रित विद्युत संदेश सोडतात, तीच फिट. पहिल्या सात दिवसांतील फिट ताज्या जखमेची असते. नंतर, अगदी काही वर्षांनी येणारी फिट ही अपस्माराची, म्हणजे मिरगीची सुरुवात असू शकते. अमेरिकेतील एका पाहणीत ३० वर्षांच्या काळात सौम्य मार लागलेल्यांपैकी सुमारे २ टक्के, तर गंभीर मार लागलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांना अशी फिट आली. कवटी आत दबली असेल किंवा मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर धोका जास्त. अपघातानंतर दिलेल्या गोळ्या पहिल्या आठवड्यातील फिट टाळतात, पुढचा अपस्मार नाही.

फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. तोंडात चमचा, पाणी घालू नका, हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ कपडा ठेवा, झटके थांबताच कुशीवर वळवा. घड्याळ पाहा: झटके पाच मिनिटांहून जास्त चालले किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी फिट आली, तर १०८ ला फोन करा.

डॉक्टरांकडे जाताना अपघाताची तारीख, डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅन न्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषधोपचाराने अपस्माराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट थांबू शकतात. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. डॉक्टर सांगेपर्यंत गाडी चालवणे आणि उंचावरचे काम टाळावे.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आपल्यालाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातून लग्नाआड येणारी अपस्माराची अट १९९९ मध्ये काढली गेली. कायदा बदलला, पण मुलीची फिट लपवणारी घरे अजून आहेत. त्या घरांपर्यंत कार्यकर्त्यांनी ही माहिती न्यावी, रुग्णाला दवाखान्यापर्यंत सोबत करावी.