घरातले ज्येष्ठ आज कोणाला भेटले?

देहूरोडपासून लोणावळ्यापर्यंतच्या वस्त्यांमध्ये बीपी-शुगर तपासायला जातो, तेव्हा साठीच्या पुढच्या प्रत्येकाला आम्ही एक जादा प्रश्न विचारतो. काल घरच्यांशिवाय कोणाकोणाशी बोललात? काही जण हसतात. ‘ताई, हा काय आजार हाय का?’ आजार नाही, पण त्यातून आजार वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर ६ माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. हृदयविकार, लकवा, मधुमेह, नैराश्य, स्मृतिभ्रंश या सगळ्यांचा धोका त्याने वाढतो.

भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत एकटेपणा कुठून येणार, असे वाटेल. पण माणसांत राहणे वेगळे आणि कोणी थांबून आपली विचारपूस करणे वेगळे. आपले कितीतरी बांधव रेल्वेत, देहूरोडच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, नगरपरिषदेच्या सफाई खात्यात आयुष्यभर राबले. सकाळची लोकल, डब्यातल्या गप्पा, युनियनची मीटिंग हे सगळे निवृत्तीच्या एका दिवसात संपते. लोणावळ्याच्या बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या आमच्या मावश्यांना तर निवृत्तीची तारीखही नसते. गुडघे थकले की काम सुटते, ना निरोप समारंभ, ना पेन्शन. कामावर जाताना सोबत चालणारी मैत्रीणही त्याच दिवशी सुटते.

याउलट एखाद्याचा साधा दिवस बघा. वडगावच्या बाजूचे एक निवृत्त काका सकाळी स्टेशनपर्यंत चालत जातात. वाटेत चार-पाच ‘जय भीम’ होतात. टपरीवर बिनसाखरेचा कटिंग घेतात आणि एकच पेपर तिघे वाटून वाचतात. मे महिना असेल तर रस्त्याकडेला करवंदे-जांभळे विकणाऱ्या बाईशी दोन शब्द बोलून एक वाटा घेतात. दुपारी नातीला अंगणवाडीतून आणायचे, संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसायचे. घरच्यांना वाटते, म्हातारा नुसता भटकतो. आमच्या मते हे त्यांचे अर्धे औषध आहे. आठवड्याला १५० मिनिटे चालावे असे डॉक्टर सांगतात, ते यात आपोआप होते. भूक लागते, रात्री झोप लागते.

आणखी एक फायदा फार कमी लोकांच्या लक्षात येतो. रोज भेटणाऱ्या माणसाला आपल्यातला बदल लगेच दिसतो. ‘काका, आज तोंड वाकडं दिसतंय, बोलणं अडखळतंय,’ हे टपरीवालाच पहिल्यांदा सांगू शकतो. ही लकव्याची लक्षणे आहेत. मेंदूतली गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. एकट्या पडलेल्या माणसाचा हा वेळ खाटेवरच निघून जातो.

मग ज्येष्ठ बाहेर पडायचे का थांबतात? ‘आता इच्छा नाही राहिली,’ असे ते सांगतात. त्यावर आम्ही सहसा विश्वास ठेवत नाही. जरा जवळ बसून विचारले की खरे कारण निघते, आणि ते बहुतेक वेळा लाजेचे असते. ऐकू येत नाही, दोनदा विचारले की लोक हसतात, म्हणून गप्प बसलेले बरे. कित्येकदा कानात नुसता मळ साचलेला असतो. दवाखान्यात तो काढून मिळतो, घरी गरम तेल किंवा काडी घालू नका. खरोखर ऐकू कमी येत असेल तर मशीन लावायला टाळाटाळ नको, कारण बहिरेपणा अंगावर काढल्याने स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो. ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ३,००० रुपये मिळतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते.

बायांचे दुखणे आणखी दडलेले असते. खोकले, शिंकले की लघवी होते. कोणाचे अंग बाहेर येते. वर्षानुवर्षे त्या हे नवऱ्यालाही सांगत नाहीत, फक्त लग्नाला, विहारात, सहलीला जाणे बंद करतात. मावश्यांनो, हे वयाचे भोग नाहीत, याला उपचार आहेत. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो, ते पाच ते दहा आकडे मोजेपर्यंत आवळायचे आणि सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. फरक पडायला तीनेक महिने लागतात. अंग जास्त बाहेर येत असेल तर आत रिंग बसवता येते किंवा शस्त्रक्रिया होते. नर्सताईजवळ बोलायला लाजू नका. बीपीच्या काही गोळ्यांनीही लघवी जास्त होते. बाहेर जायचे म्हणून त्या परस्पर बंद करू नका, वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा.

भेटीगाठी चांगल्या म्हणजे सगळ्याच चांगल्या नव्हेत. निवृत्तीचा पैसा हातात आला की बाटलीभोवती जमणारेही भेटतात. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी पिण्यातल्या सोबत्याला मित्राच्या रूपातला शत्रूच म्हटले आहे. आणि कल्याणमित्राचे मोल किती? आनंद म्हणाले, अर्धे ब्रह्मचर्य कल्याणमैत्रीत आहे. बुद्धांनी त्यांना दुरुस्त केले, अर्धे नव्हे, संपूर्ण.

आपल्या मावळात खरी अडचण पावसाची. लोणावळ्याचा पाऊस एकदा लागला की ज्येष्ठ आठवडे-आठवडे घरात कोंडले जातात, आणि निसरड्या बोळात पडून खुब्याचे हाड मोडण्याची भीतीही खोटी नाही. पण हाच काळ वर्षावासाचा. कार्ल्याच्या लेण्यातल्या एका शिलालेखात, तिथे वर्षावास करणाऱ्या भिक्खूंसाठी उषवदाताने गाव दान दिल्याची नोंद आहे. पावसात माणसे एकत्र बसावीत म्हणून आपल्या याच डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी सोय होती. आषाढ ते अश्विन विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते, तेव्हा तरुणांनी आपल्या गल्लीतल्या एकेका ज्येष्ठाचा हात धरून त्यांना आणावे, परत पोहोचवावे. वाचायला डोळे साथ देत असतील तर एखादे पान त्यांच्याकडूनच वाचून घ्यावे.

पावसाळा सरला की सहल काढा. गुडघे दुखणाऱ्यांना कार्ल्याच्या पायऱ्या जड जातात. त्यांच्यासाठी देहूरोडचे विहार सोयीचे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, आणि लोकलने जाता येते. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला आणि सर्व महिलांना निम्मे तिकीट. आधार कार्ड बरोबर ठेवा. निघण्याआधी आणि पोहोचल्यावर शौचालय कुठे आहे, हे आयोजकांनी आधीच सांगून ठेवावे. तेवढे कळले की निम्म्या मावश्या यायला तयार होतात.

कोणी दोन आठवड्यांहून जास्त गप्प असेल, जेवण तुटले असेल, ‘आता जगून काय करू’ म्हणत असेल, तर ते म्हातारपणाचे बोलणे समजून सोडून देऊ नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७. दोन्हीकडे मराठीत बोलता येते.