उचलून परत टाकलेल्या चिठ्ठ्या

स्टॅनफर्डच्या ब्रॅडली एफ्रन यांनी 1979 मध्ये बूटस्ट्रॅप मांडला तेव्हा त्याच्या साधेपणाचीच भुरळ पडली. हातातल्या नमुन्यातून, उचललेली चिठ्ठी दर वेळी परत टाकत, तेवढ्याच आकाराचे हजारो नमुने काढायचे, प्रत्येकावर रिग्रेशन चालवायचे आणि उताराच्या किमती किती पसरतात ते पाहायचे. मात्र येणारे विश्वासांतर भलतेच रुंद किंवा एका अंगाला झुकलेले निघाले, की हजाराच्या दहा हजार फेऱ्या चालवण्याचा मोह होतो. त्याने सोडतीतली चलबिचल तेवढी निवते, मूळ नमुन्यातली गोम तशीच राहते. दोष बहुधा वेगळाच असतो: आकडे ज्या रीतीने जमले, त्या रीतीने आपण ते उचललेले नसतात.

डेव्हिड फ्रीडमन यांनी 1981 मध्येच रिग्रेशनसाठीच्या दोन वाटा वेगळ्या करून दाखवल्या. फक्त अवशिष्टे उचलायची, तर त्यांचा पसारा सगळीकडे सारखा आहे असे मानावे लागते. अख्ख्या ओळी उचलल्या तर ती अट सुटते. दोन्ही अंतरांत मोठी तफावत दिसली तर आधी त्या पसाऱ्यावरच संशय घ्यावा. सी. एफ. जेफ वू यांनी 1986 मध्ये प्रत्येक अवशिष्ट जागेवर ठेवून त्याला यादृच्छिक गुणक लावण्याची तोड काढली, ती पुढे ‘वाइल्ड बूटस्ट्रॅप’ म्हणून रुळली. एकाच गावातली घरे एकमेकांसारखी असतील तर घर नव्हे, गाव उचलायचे. नाहीतर अंतर फसवे अरुंद येते. आणि एकच बिंदू दूर पडलेला असेल, तर तो सुमारे 37 टक्के नमुन्यांत येतच नाही. तो असताना उतार एक, नसताना दुसरा, आणि आलेखाला चक्क दोन उंचवटे!

मग अंतर काढायचे जुने सूत्रच काय वाईट, असे कुणी म्हणेल. सूत्र त्याच बिंदूवर बेतलेले नीटनेटके, सममित अंतर देते आणि उंचवटे झाकून ठेवते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कधीकधी बूटस्ट्रॅपच हरतो. नमुन्यातल्या कमाल किमतीबाबत तो फसतो, हे बिकेल आणि फ्रीडमन यांनी 1981 मध्ये दाखवले. विचरण अनंत असताना सरासरीबाबतही फसतो, हे के. बी. अत्रेय यांनी 1987 मध्ये. तिथे आकडेवारीला बोल लावण्यात अर्थ नाही. म्हणून अहवालात अंतराची दोन टोके छापून थांबू नका. ओळ उचलली, अवशिष्ट की गाव, हे लिहा आणि उतारांचा आलेखही सोबत द्या.