सरकीवरची पेशी, भेंडीतले कप्पे

पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, असं मुलं विज्ञानाच्या तासाला घोकतात. जालना जिल्ह्यातल्या शाळेत हे वाक्य खोटं पाडायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. घरात पडलेल्या कापसाच्या ढिगातून एक बोंड आणायचं आणि सरकीला चिकटलेला एकच तंतू चिमटीत धरून हळूच ओढायचा. हा इंचभर तंतू म्हणजे एक पेशी. फूल उमलतं त्या सुमारास सरकीच्या सालीवरची ही पेशी लांबायला लागते. बोंड फुटेपर्यंत ती मेलेली असते आणि मागे राहते ती तिची भिंत, जवळजवळ निव्वळ सेल्युलोजची. अंगातल्या सुती शर्टाकडे मुलं मग जरा निराळ्या नजरेने बघतात.

फुलाच्या धड्यात आकृती बहुधा जास्वंदीची असते. ती पाठ होते, पण बांधापलीकडे उभ्या कपाशीशी तिचं नातं कुणी सांगत नाही. पोळ्याच्या सुमारास जास्वंद, भेंडी आणि कपाशी अशी तीन फुलं टेबलावर शेजारी ठेवावीत. (फवारणी झालेल्या पट्टीतलं फूल मात्र आणू नये.) तिन्हींत पुंकेसरांची एकच नळी आणि तिच्यातून वर डोकावणारी कुक्षी. तिघी एकाच कुळातल्या आहेत, हे मुलं आपणहून ओळखतात. कपाशीच्या पांढऱ्या फुलाला झाडावरच दोरा बांधून ठेवला तर दुसऱ्या दिवशी ते गुलाबी झालेलं दिसेल. एकाच झाडावर दोन रंगांची फुलं का, याचं उत्तर तिथेच मिळतं: पांढरं आजचं, गुलाबी कालचं.

भेंडी आडवी कापली की बहुतेक वेळा पाच कप्पे दिसतात. शाई लावून तिचे ठसे उमटवायला चित्रकलेच्या तासाला सगळ्यांनाच आवडतं. तीच भेंडी उभी चिरून बिया मोजायला लावाव्यात. भरलेल्या प्रत्येक बीमागे एक परागकण असतो. तो कुक्षीवर पडला, त्याची नळी खाली बीजांडापर्यंत पोहोचली, तेव्हा ती बी धरली. चाळीस बिया निघाल्या तर चाळीस परागकणांचा प्रवास पार पडला. भाजीच्या ताटात एवढा हिशेब असतो, हे मलाही फार उशिरा कळलं.

जालन्याच्या बियाणे उद्योगाची सुरुवातही भेंडीनेच झाली. बद्रीनारायण बारवाले यांनी ‘पुसा सावनी’ या वाणाचं बियाणं पिकवून पाहिलं आणि 1964 मध्ये महिको ही बियाणे कंपनी उभी केली. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित कपाशीच्या सीडप्लॉटमध्ये ‘क्रॉसिंग’ चालतं ते हातानेच. उद्या उमलणारी मादी ओळीतली कळी आज दुपारनंतर अंगठ्याच्या नखाने सोलायची, म्हणजे पाकळ्यांबरोबर पुंकेसरांची नळीही निघून येते. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल आणून कुक्षीवर हलकेच फिरवायचं. एका नर फुलात चार-पाच कळ्या सहज होतात. शाळा बुडवून हे काम कुणा मुलाने करू नये, हे खरंच. पण ज्यांच्या आया दिवसभर ते करतात, त्या मुलांना परागीभवनाची व्याख्या फळ्यावरून उतरवून घ्यायला लावणं मला विचित्र वाटतं. अशी एखादी आई तासाभरासाठी वर्गात बोलवावी.

ब्रनोच्या मठातल्या बागेत ग्रेगोर मेंडेल 1856 पासून हेच करत होता. कपाशीच्या जागी वाटाणा आणि नखाच्या जागी चिमटा, एवढाच फरक. उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी झाडं उंच. त्यांचंच बी पुन्हा पेरलं तर उंच आणि बुटकी, साधारण तीनास एक. संकरित कपाशीची सरकी घरी राखून पेरली तर दुसऱ्या वर्षी पीक एकसारखं येत नाही, हे गावातला कुठलाही आजोबा सांगेल. दर जूनला बियाण्याची पिशवी नव्याने विकत का आणावी लागते, या प्रश्नापासून आनुवंशिकतेचा धडा सुरू केला, तर मागच्या बाकावरूनही हात वर येतील.

मोसंबीचं प्रकरण याच्या उलटं. कलमांच्या खुंटासाठी वापरतात त्या रंगपूर लिंबाचं बी कुंडीत टाकावं. एकाच बीतून कधी दोन, कधी तीन रोपं वर येतात आणि त्यांतली बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात, कारण ती परागकणाच्या वाट्याशिवाय, बीजांडातल्या आईच्याच पेशींतून उगवलेली असतात. वर्गातल्या कुंडीत आधी नक्कल उगवली की परागकणातून झालेलं भावंड, हे पानं बघून कळत नाही. मुलं वाद घालत बसतात.