पाय उचलला, तरी रेस उतरेना

ॲक्सिलरेटर दाबला की आपण इंजिनाला जास्त पेट्रोल पाजतो, असं वाटतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० मध्ये मात्र पाय मुख्यतः हवेची वाट मोकळी करतो. पेट्रोल त्या वाहत्या हवेच्या ओढीने मागोमाग येतं. ७९६ सीसीचं हे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असताना दर मिनिटाला जास्तीत जास्त १२०० लिटरच्या आसपास हवा ओढू शकतं. एवढ्या हवेवर ताबा कुणाचा? एका पातळ, गोल चकतीचा!

गाडी नुसती उभी राहून चालू असते तेव्हा ही चकती जवळजवळ मिटलेली असते. इंजिनाच्या बाजूला हवा विरळ, बाहेर पूर्ण वातावरण. चकती तीन सेंटिमीटर व्यासाची धरली, तरी तिच्यावर चारेक किलोंचा भार येतो. मग ती पायाच्या हलक्या दाबाने उघडते कशी? तिचा दांडा बरोबर मधून जातो. एका अर्ध्यावरची हवा तिला मिटवू पाहते, तेवढ्याच जोराने दुसऱ्या अर्ध्यावरची उघडू पाहते. परत मिटवायला लहानशी स्प्रिंग पुरते. इतका देखणा तोल मी यंत्रांत क्वचितच पाहिला आहे.

पण स्प्रिंग लहान, म्हणून अडथळाही थोडकाच पुरतो. इंजिनातून परत येणारी तेलकट वाफ आणि बारीक धूळ यांचा चिकट थर चकतीच्या कडेला बसतो. पेडल आधी हलत नाही, मग एकदम सुटतं आणि गाडी उसळते. पाय उचलूनही रेस उतरत नसेल, तर पेडलला चकतीशी जोडणाऱ्या केबलमधला गंज, तिची उसवलेली तार, थकलेली स्प्रिंग किंवा पेडलखाली सरकलेली मॅट पाहावी.

इंजिन बंद आणि थंड असताना कार्ब्युरेटरकडची केबल सोडवून चकतीचा लिव्हर हाताने फिरवा. तो टचकन मागे आला, तर दोष केबलचा किंवा पेडलचा. अडखळला, तर कार्ब क्लीनर मारून मऊ कापडाने कडा पुसा, खरवडू नका. उसवलेली केबल बदलायचीच.

रस्त्यात रेस अडकली तर ब्रेक पुन्हापुन्हा मारू नये. ज्या गाड्यांत ब्रेक बूस्टर असतो, त्यांत त्याला लागणारी ओढ याच मिटलेल्या चकतीमागे तयार होते. चकती उघडी राहिली की ही ओढ तयार होणं थांबतं आणि दोन-तीन दाबांत पेडल जड होतं. ब्रेक एकदाच घट्ट धरून गाडी न्यूट्रलमध्ये टाका, ती थांबल्यावरच इंजिन बंद करा. धावत्या गाडीत किल्ली उपसली, तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.