दुसऱ्या पसंतीचे मोल

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आपण सोलापूरकर स्वतः मत देत नाही. आपण निवडून दिलेले खासदार व आमदार ते देतात. त्यांच्या मतांचे मूल्य लोकसंख्येच्या मानाने ठरते, आणि मतदार उमेदवारांस पसंतीचे क्रम लावितो. पहिल्या पसंतीने कोणासही निम्म्याहून अधिक मूल्य न लाभल्यास, सर्वांत मागे पडलेल्याची मते पुढील पसंतीप्रमाणे इतरांस दिली जातात.

1969 सालच्या ऑगस्ट महिन्यातील चुरशीच्या लढतीचा वृत्तान्त वाचताना आम्ही निःपक्षपाती राहू शकत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर 1956 साली अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख तीत उभे होते. आमचे मन त्यांच्याकडेच धावते. परंतु ते 1,12,769 वर थांबले. व्ही. व्ही. गिरी यांस 4,01,515 व नीलम संजीव रेड्डी यांस 3,13,548 मिळाली. विजयास 4,18,169 हवी होती.

अखेरीस चिंतामणरावांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजण्यात आली. त्यांचे बहुतांश मूल्य रेड्डींच्या बाजूस गेले, आणि 87,967 चे अंतर 14,650 वर आले. तथापि 4,20,077 मिळवून गिरीच निवडून आले.

विद्यार्थिमित्रहो, आपला उमेदवार हरला म्हणजे समर्थकाचे कर्तव्य संपले, असे नव्हे. पहिली पसंती प्रेमाने दिली जाते. दुसरी विचाराने द्यावी लागते. आणि तीही फळास न आल्यास निकाल शांतपणे मान्य करावा लागतो. वर्गप्रमुखाच्या निवडणुकीतही हाच धडा गिरविण्याजोगा आहे.