सौरविजेचा इंजिनिअर नेमताना

'इंजिनिअर पाहिजे' एवढीच जाहिरात लिहायची होती, आणि ती लिहायला मला तीन आठवडे लागले.

मी साहित्याची विद्यार्थिनी. विजेशी माझा संबंध म्हणजे लाइट गेली की पहिली ओरडणारी मी. पण आमच्या पॅरिशच्या समाजसेवा गटाला खानापूर तालुक्यातल्या जंगलाकाठच्या एका वाडीसाठी सौरविजेचं छोटं ग्रिड उभं करायचं आहे. त्याचा आराखडा करणारा इंजिनिअर नेमायचा होता. फादर म्हणाले, "तुला इंग्लिश येतं, मराठीही येतं. कागदपत्रं तू बघ." मला वाटलं, भाषांतराचं काम आहे, दोन दिवसांत होईल.

वाडीत चाळीस घरं आहेत. काही वर्षांपूर्वी तिथं एकदा सौरदिवे आले होते. फोटो निघाले, नारळ फुटला. दोन पावसाळे दिवे जळले, मग बॅटऱ्या बसल्या. दुरुस्त कोण करणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. बॅटरीच्या लोखंडी पेटीत आता एका मावशीच्या कोंबड्या अंडी घालतात. त्यामुळे या वेळी मावशींनी आधीच विचारलं, "ह्या बारीला किती दिवस चालणार, सांगा की?" आमच्या गटाकडे पैसे एकदाच जमले आहेत. या वेळीही चुकलं तर वाडी पुन्हा कुणावर विश्वास ठेवणार नाही, आणि तिचं ते बरोबरच असेल.

म्हणून हा लेख. आपल्यापैकी अनेकांची मुळं अशाच गावांत आहेत, आणि उद्या कुणी तुम्हालाही म्हणेल, 'तुम्ही शिकलेले, जरा बघा.'

मिनिग्रिड म्हणजे काय?

एका घराच्या छपरावर एक पॅनेल आणि खाली एक बॅटरी, ही झाली घरगुती सौरयंत्रणा. मिनिग्रिडमध्ये सगळ्या वाडीची पॅनेलं एका जागी असतात. त्यांची डीसी वीज इन्व्हर्टर एसी करतो, जादा वीज बॅटरीत साठते आणि खांबांवरच्या तारांनी घराघरांत जाते. प्रत्येक घराला मीटर असतो. थोडक्यात, गावाचंच एक लहान वीजमंडळ. भारतात ही कल्पना नवी नाही. सुंदरबनातल्या सागर बेटावर कमलपूरला 1996 साली असं 26 किलोवॉटचं केंद्र सुरू झालं. 2003 च्या वीज कायद्यानुसार सरकारनं अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवाना लागत नाही. सुरक्षेचे नियम मात्र पाळावेच लागतात.

मग इंजिनिअर कशाला? पॅनेलं विकणारा दुकानदार फुकट हिशेब करून देतोच की. आमच्या बैठकीत हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. त्याचं उत्तर असं, की दुकानदाराचा नफा पॅनेलं विकण्यात असतो. वाडीला किती पुरे आहे हे त्यानं सांगावं ही अपेक्षाच चुकीची. आराखडा करणारा आणि माल विकणारा हे दोघे वेगळे असावेत, ही आम्ही ठरवलेली पहिली अट.

'लोड' म्हणजे ओझं नव्हे

इंग्लिश मसुद्यात पहिलंच काम होतं 'लोड सर्व्हे'. मी शब्दकोश बघून 'भार सर्वेक्षण' लिहिलं. वाडीत ते वाचून दाखवल्यावर एक आजोबा म्हणाले, "भार कसला? आमी उचलायचा काय?" सगळे हसले. मी ते खोडून लिहिलं, 'कुणाला वीज कशासाठी, कधी आणि किती वेळ लागते याची घरोघर पाहणी.' वाक्य लांबलं, पण ते लिहिताना मला स्वतःला काम कळलं.

हिशेब अवघड नाही. एका घरात 9 वॉटचे तीन बल्ब पाच तास, म्हणजे 135 वॉट-तास. 50 वॉटचा पंखा आठ तास, 400. दोन मोबाइल, साधारण 30. टीव्ही 50 वॉटचा, तीन तास, 150. बेरीज 715. चाळीस घरांचे होतात दिवसाला जवळजवळ 29 युनिट. एक किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला साधारण 4 युनिट देतं असं धरलं, तर सात-साडेसात किलोवॉट पुरे.

पण सरासरी वर्षाची, आणि आमचा जुलै सरासरी बघून येत नाही. घाटाकाठच्या पावसात तेच पॅनेल 2 युनिटांवर आलं तर 29 युनिटांना चौदा-पंधरा किलोवॉट लागतील. खर्च जवळजवळ दुप्पट. इथं मी घाबरले. हा आकडा मी बैठकीत सांगितला तेव्हा त्याच कोंबड्यांवाल्या मावशी म्हणाल्या, "पावसात पंखा कोण लावतंय?"

खरंच की! पंखे वजा केले तर घरामागे 315 वॉट-तास उरतात. चाळीस घरांचे साडेबारा युनिट, त्याला जुलैतही सव्वासहा किलोवॉट पुरतं. गिरणीसाठी थोडी जागा ठेवली तर आठ किलोवॉटमध्ये उन्हाळाही बसतो आणि पावसाळाही. हा अंदाज माझा, वहीतला; खरा आकडा इंजिनिअर मोजून देईल. पण वर्षाची सरासरी बघून समाधान मानणारा इंजिनिअर नको आणि मावशींना न विचारणाराही नको, हे त्या दिवशी पक्कं झालं.

गिरणी, तार, बॅटरी

बायकांची खरी मागणी बल्बची नव्हती, पिठाच्या गिरणीची होती. दळणासाठी त्या डोक्यावर डबा घेऊन जंगलातून पायी जातात. पाच हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे सुमारे 3.7 किलोवॉट. पण अशी मोटर थेट चालू केली तर पहिल्या क्षणी ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि लहान इन्व्हर्टर तिथंच ट्रिप होतो. म्हणजे मोटर हळूहळू वेग घेईल असं उपकरण लावायचं आणि गिरणी दुपारच्या उन्हात, आठवड्यातून दोन दिवस चालवायची. पहिली अडचण इंजिनिअर सोडवेल. दुसरी वाडीनंच ठरवायची.

तारेचंही तसंच. वाडीतलं शेवटचं घर अर्धा किलोमीटर लांब आहे. 16 चौरस मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम तारेतून तिथवर 10 अँपिअर नेले तर जाऊन-येऊन साधारण 18 व्होल्ट वाटेतच जातात. 230 चे उरतात 212. तार बारीक घेतली तर पैसे वाचतात आणि शेवटच्या घरचा पंखा कण्हत फिरतो. आणि शेवटचं घर बहुधा सगळ्यांत गरिबाचं असतं.

बॅटरीत सगळ्यात जास्त फसगत होते. लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त, पण ती निम्म्यापेक्षा जास्त उतरू द्यायची नाही, वेळच्या वेळी पाणी घालायचं, आणि तरी काही वर्षांत ती बदलावी लागते. रात्रीला 25 युनिट हवे असतील तर 50 युनिटांच्या बॅटऱ्या घ्यायच्या. लिथियम फॉस्फेटची बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणजे 31-32 युनिटांची पुरते. ती जास्त वर्षं टिकते, पण आधी पैसे जास्त. पॅनेलांची हमी साधारण 25 वर्षांची असते, बॅटरी त्यात दोन-तीनदा तरी बदलावी लागणार. तो पैसा दर महिन्याच्या बिलातून बाजूला पडला नाही, तर कोंबड्यांची सोय पुन्हा होणार.

दोन गावं

महाराष्ट्रात जुन्नर तालुक्यात दरेवाडी नावाची वस्ती आहे. 2012 मध्ये पुण्याच्या 'ग्राम ऊर्जा' कंपनीनं तिथं सुमारे 9.4 किलोवॉटचं मिनिग्रिड उभारलं, 39 घरांसाठी. आमच्या वाडीएवढंच गाव. तिथं प्रत्येक घराला मीटर आला आणि कारभार गावकऱ्यांच्या हातात दिला गेला.

दुसरं गाव बिहारमधलं धरणई, जहानाबाद जिल्ह्यातलं. जुलै 2014 मध्ये ग्रीनपीसच्या पुढाकारानं तिथं 100 किलोवॉटचं मिनिग्रिड सुरू झालं, सुमारे 450 घरांसाठी. देशभर बातम्या झाल्या. पण मोठी उपकरणं त्यावर चालवायची नव्हती, आणि लोकांना फ्रिजही हवा होता. त्यांनी 'खऱ्या' विजेची मागणी केली. पुढं सरकारी तारा आल्या, त्यांची वीज स्वस्त पडली. सौरकेंद्राच्या बॅटऱ्या संपल्या आणि काही वर्षांनी त्या जागेत गुरं बांधलेली दिसू लागली.

धरणईबद्दल वाचताना मला आमच्या कोंबड्या आठवल्या आणि हसू आलं नाही. त्यातून जाहिरातीत दोन वाक्यं वाढली. एक: उद्या हेस्कॉमची लाइन आली तर आपलं ग्रिड तिला जोडता येईल, असाच आराखडा हवा. दोन: लोकांची गरज वाढेल हे धरून जागा आणि तारा ठेवाव्यात.

मुलाखतीत काय विचारलं?

आम्ही चौघांच्या मुलाखती घेतल्या. प्रश्न मी मराठीत लिहिले होते, कारण समितीत वाडीचे तिघे होते आणि त्यांना कळणार नाही अशी मुलाखत आम्हाला नको होती. तुमच्या उपयोगी पडतील असे हे पाच:

1. तुम्ही आराखडा केलेलं आणि किमान तीन वर्षं चाललेलं एखादं ग्रिड आहे का? तिथल्या गावकऱ्याशी फोनवर बोलायला द्याल का?
2. तुमची चूक कुठं झाली होती? (यावर 'कुठंच नाही' म्हणणाऱ्याचा कागद आम्ही बाजूला ठेवला.)
3. उन्हाचे आकडे कुठून घेणार आणि सगळ्यात वाईट महिना कोणता धरणार? (नासा आणि युरोपीय आयोगाची माहिती फुकट मिळते. ती वापरतात का, एवढं कळलं तरी पुरे.)
4. अर्थिंग आणि वीज पडण्यापासून संरक्षण कसं करणार? (जंगलातल्या वळवाच्या पावसात हा प्रश्न जिवाचा आहे.)
5. गावातल्या दोघांना देखभाल शिकवाल का, त्यांना कळेल अशा भाषेत?

करारात आणखी दोन गोष्टी घातल्या. नकाशे, हिशेब आणि उपकरणांचे पासवर्ड वाडीच्या समितीकडे राहतील. मानधन चार हप्त्यांत: पाहणीनंतर, आराखड्यानंतर, वीज सुरू झाल्यावर, आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा निभावल्यावर.

हरीश हांडे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 1995 मध्ये आपल्या कर्नाटकात सेल्को सुरू करणारे आणि 2011 चे मॅगसेसे मानकरी. संशोधनाच्या काळात ते श्रीलंकेतल्या वीज नसलेल्या खेड्यांत राहिले होते. आपल्याला हांडे मिळणार नाहीत, पण गावात रात्र काढायला तयार असलेला माणूस मिळू शकतो.

चौघांपैकी एकानं सगळ्यात कमी दर सांगितला होता. एकाचं प्रेझेंटेशन इतकं देखणं होतं की मीच भुलले होते. निवड झाली ती हुबळीच्या एका तरुण इंजिनिअर बाईंची. त्यांचं मराठी मोडकं आहे, कन्नडमिश्रित. आम्ही म्हटलं, पाहणीला मे महिन्यात या, तेव्हा रस्ता चांगला असतो. त्या म्हणाल्या, "नको. मी जुलैत येते. रस्ता बंद असेल तेव्हाच बघायचं असतं."

मावशींनी लगेच सांगून टाकलं, "मग माझ्याकडंच ऱ्हावा."

त्या जुलैत येतील तेव्हा दुभाषी म्हणून मीही जाणार आहे. वीज येईल की नाही, किती वर्षं टिकेल, हे आज सांगता येत नाही. मावशींच्या प्रश्नाला उत्तर अजून दिलेलं नाही. पण या वेळी तो प्रश्न कराराच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे, मराठीत, आणि त्याखाली इंजिनिअरची सही आहे.